टाकीतली वाळू कोण उकरतं?

विसरलेला मोबाइल घ्यायला चिऊ दवाखान्यात परत आली आणि दारातच थबकली.

वेटिंग रूममधल्या माशांच्या टाकीत, खांद्यापर्यंत बाही सरकवून, एक अनोळखी तरुण हात घालून उभा होता.

"कोण तुम्ही?"

तो असा दचकला की निम्मं पाणी त्याच्याच शर्टावर आलं. "मी... संध्याकाळचा डॉक्टर. कालपासून. तुम्ही सकाळच्या ना?"

"ती टाकी माझी आहे."

"हो हो, एक पान तरंगत होतं... तेच काढत होतो."

पान काही दिसेना. त्याच्या मुठीत मात्र काहीतरी होतं, आणि ती मूठ त्याने पटकन पाठीमागे नेली.

दातांचा हा दवाखाना चिऊच्या मामांचा. सकाळी ती पेशंट बघायची, दुपारनंतर मामा. आणि आता मामांच्या मदतीला हा नवा डॉक्टर. टाकी मात्र तिची एकटीची. तिने बारीक वाळू चार-चार पाण्यांनी धुऊन अंथरली होती, त्यात एकेक रोप चिमट्याने लावलं होतं. ड्रिलच्या आवाजाने पांढरेफटक पडलेले पेशंट त्या डुलत्या हिरवाईकडे बघत बसले की आपोआप सैलावत. दर आठवड्याला ती नळीने तळ साफ करायची. नळीचं तोंड वाळूच्या बोटभर वर धरायचं, म्हणजे घाण तेवढी ओढली जाते, वाळू जागची हलत नाही. वाळू खोलवर हलवायची मात्र तिची कधी छाती झाली नव्हती. रोपांची मुळं दुखावली तर?

आणि आता तीच वाळू रोज सकाळी कुणीतरी उकरलेली असायची! जागोजागी टोचल्याच्या बारीक खुणा. एकदा तर एक रोप मुळासकट वर तरंगत होतं.

त्यात एके दिवशी मामांनी फर्मान काढलं. "चिऊ, टाकीला कुजक्या अंड्यांसारखा वास मारतोय. पेशंट आधीच तोंड उघडायला तयार नसतात, आता नाकही दाबून बसतील. ही टाकी हलव बाई. तिथे सोफा टाकू."

वास होता, हे खरंच. तिने काचेला नाक लावून पाहिलं, तर वाळूच्या पोटात काळे डाग. हा माणूस आला आणि टाकी बिघडली... सोफ्यासाठी मामांनीच याला हाताशी धरलं नसेल कशावरून?

चिऊ रोज दुपारी मुद्दाम रेंगाळू लागली.

"आज घरी नाही जायचं?" तो विचारायचा.

"पहारा देतेय."

"माशांवर?"

"माणसांवर."

"अरे वा! मग उद्यापासून नीट भांग पाडून येतो."

हसू ओठांवर आलं की ती ते गिळून टाकायची. इतकं गोड बोलतोय म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय! तरी घरी गेल्यावर त्याचा तो ओला, गोंधळलेला चेहरा आठवायचाच... आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा.

शेवटी एके दुपारी ती "निघते हं!" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली आणि गुपचूप टाकीसमोरच्या एक्स-रेच्या खोलीत पडद्याआड जाऊन उभी राहिली.

आधी आले मामा. इकडेतिकडे बघत त्यांनी कोटाच्या खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. "खा रे लेकरांनो," ते टाकीत चुरा सोडत म्हणाले, "ती पोरगी चिमूट-चिमूट घालून उपाशी मारते तुम्हाला." नवा डॉक्टर आल्यापासून मामांना रिकामा वेळ मिळाला होता, तो असा सत्कारणी लागत होता तर!

मामा आत वळले आणि लगेच तो आला. बाही सरकवून त्याने भिजलेले तुकडे वेचले. मग एक बारीक काडी घेऊन तो वाळूत हलकेच टोचू लागला. एक बुडबुडा वर आला, पाठोपाठ तोच घाण वास.

चिऊ पडदा सारून बाहेर आली. "म्हणजे मूठ लपवली होती ती यासाठी?"

त्याची काडी पाण्यात पडली. "मामांनी शपथ घातली होती. चिऊला कळलं तर ती मला फाडून खाईल, म्हणाले."

"आणि हे टोचणं?"

"वाळू घट्ट बसते, खाली गेलेलं बिस्किट आतच कुजतं. थोडी थोडी मोकळी करत राहिलं तर वास आत साठत नाही, असं वाचलं. पहिल्यांदा घाईत रोप उपटलं गेलं... सॉरी."

"मग मला सांगायचं ना! टाकी जाणार होती माझी!"

"जाऊ दिली नसती. त्याआधी शपथ मोडली असती." तो टाकीकडे बघत पुटपुटला, "पण सांगितलं असतं तर... तुमचा पहारा संपला असता."

चिऊने पाण्यात पडलेली काडी उचलून त्याच्या हातात ठेवली. मग ती तरातरा आत गेली आणि पुरती पाच मिनिटं मामांवर बरसली. मामांनी पुडा टेबलावर ठेवला, कान पकडले आणि सोफ्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

रविवारी दवाखाना बंद होता. दोघं टाकीसमोर स्टुलं ओढून बसले, तिच्या हातात नळी, त्याच्या हातात काडी.

"एका वेळी एकच कोपरा," ती म्हणाली. "सगळी वाळू एकदम ढवळली तर मासे दगावतील. दुसरा कोपरा पुढच्या रविवारी."

"म्हणजे चार कोपरे, चार रविवार. आणि मग?"

"मग... पुन्हा पहिला."

"मला चालेल," तो म्हणाला. पाण्यात त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि तिथेच थांबली. "जन्मभर चालेल, चिऊ. तुला?"

तुला! तिने डोळे बारीक केले. "हेही मामांनीच बोलायला सांगितलंय का?"

"नाही गं. हे त्यांना कसं सांगायचं, याचीच धास्ती आहे."

चिऊने हात बाहेर काढला, त्याच्या कोरड्या बाहीला स्वच्छ पुसला आणि मोबाइल उचलला.

"मामा? तुमच्या संध्याकाळच्या डॉक्टरला मी ठेवून घेतेय... छे, सकाळच्या पाळीला नाही. कायमचा!"