कॅमेऱ्यामागची बाजू

२०७८ साली फोटो हरवत नसत. माणसाच्या जन्मापासूनची सगळी चित्रं 'चित्रकोश' नावाच्या प्रणालीत आपोआप जमा होत आणि नाव, गाव, प्रसंग, काहीही सांगितलं की क्षणात समोर येत. अपवाद होता तो एकाच जातीच्या फायलींचा. २०३०च्या दशकात 'मयूरनेत्र' कॅमेरे थोडी वर्षं विकले गेले, मग ती कंपनी बुडाली आणि तिच्या फायली वाचायच्या कशा, हे ज्ञानही तिच्याबरोबर बुडालं. अशी फाइल चित्रकोशात उघडली की टपाल तिकिटाएवढं धूसर चित्र दिसे आणि खाली ओळ येई : 'हा प्रकार वाचता येत नाही.'

ही ओळ पुसायचा विडा डॉ. वैदेही पिंपळापुरे यांनी उचलला होता. चित्रकोशाच्या नागपूर केंद्रात त्या दोन वर्षं याच कामावर होत्या. नमुन्यासाठी जुन्या फायली हव्यात असं आवाहन त्यांनी केलं, तेव्हा गोंदियाहून हेमराज डोंगरवारने एक फाइल पाठवली होती. आज ती उघडणार म्हटल्यावर आपली रोपवाटिका बंद ठेवून तो स्वतःच येऊन बसला होता.

"मॅडम, छोटा फोटो तर दिसतोच की. बाबांच्या कडेवर मी, मागे विश्रामगृहाची पांढरी भिंत. यापेक्षा जास्त काय निघणार?"

"भाऊ, तयार फोटो म्हणजे शिजवलेली भाजी," वैदेही म्हणाल्या. "कॅमेरा त्याला हवं तेवढं घेतो, बाकीचं टाकून देतो. कच्ची फाइल म्हणजे बाजारातून आणलेली अख्खी पिशवी. त्यातलं काहीच टाकलेलं नसतं. आणि हा कॅमेरा तर फारच हावरट होता. प्रकाशाचा प्रत्येक कण कुठल्या दिशेने आला, नेमका केव्हा आला, सगळं टिपून ठेवायचा."

"मग त्यात माझी आई असेल?"

वैदेही थबकल्या. फोटो आईनेच काढला होता, हे त्याने पत्रात लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी ती एकटी नाव घेऊन विश्रामगृहाजवळच्या तलावात गेली आणि परत आली नाही. हेमराज तेव्हा चार वर्षांचा होता, तापाने फणफणलेला. त्याला त्या सहलीतलं काही आठवत नव्हतं. घरात आईचा एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यातही मुंडावळ्यांआड अर्धा चेहरा. बातमी कळल्यावर रायपूरहून धावत आलेल्या इंदूमावशीने त्याला वाढवलं. तिने लग्न केलं नाही. आजही ती त्याच्याच घरी होती.

"विचारलंत ते बरोबर विचारलंत," वैदेही म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे चमकले. "अंतर मोजायला हा कॅमेरा न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठोके सोडायचा. ते भिंतीवर आपटून सगळीकडे उडाले. काही तुमच्या आईच्या चेहऱ्यावर पडले, तिथून पुन्हा भिंतीवर आले आणि भिंतीवरून भिंगात. लांबून फिरून आले म्हणून किंचित उशिरा पोचले. तेवढे उशिराचे कण वेगळे काढले, त्यांची वाट उलटी मोजली, की भिंतीने काय पाहिलं ते आपल्याला दिसेल. आम्ही याला उलटवेध म्हणतो."

"म्हणजे भिंतीचा आरसा?"

"अगदी तसंच! चला, बघूया."

फाइल उघडली. आधी हेमराज आणि त्याचे वडील पडद्यावर आले, इतके स्वच्छ की वडिलांच्या सदऱ्याची उसवलेली शिवण दिसली. मग चित्र जणू मागे वळलं. काळोखात राखाडी ठिपके गोळा होऊ लागले. आधी एक खांदा, मग कॅमेरा धरलेले हात, वाऱ्याने उडालेली बट, आणि शेवटी चेहरा.

हेमराज खुर्चीतून उठला. "माझं नाक आहे तिला! मॅडम, बघा ना, माझंच नाक!" तो हसत होता आणि गाल ओले झाले होते.

वैदेहींनी टाळीच वाजवली. जगात लाखो घरांत अशा फायली पडून होत्या. किती आया, किती बाप, किती फोटो काढणारे आता दिसणार होते! अशा फायली आपोआप उघडणारी चित्रकोशाची नवी आवृत्ती तयारच होती. त्यांनी त्याच आनंदाच्या भरात तिच्या प्रसारणाची कळ दाबली. हेमराजने तोवर घरी फोन लावला.

"मावशी, आई दिसली! अगं, खरंच दिसली!"

पलीकडून इंदूमावशीने विचारलं, "एकटीच आहे ना ती?"

हेमराजने पडद्याकडे पाहिलं. मोजणी अजून चालूच होती. आईच्या मागे, जरा डावीकडे, आणखी एक आकृती ठिपक्याठिपक्याने भरत होती. विशीतली मुलगी. तिचा एक हात आईच्या दंडावर घट्ट होता आणि ती रडत होती. तो चेहरा हेमराज रोज सकाळी चहा पिताना समोर पाहत आला होता.

"हो," तो म्हणाला. "एकटीच आहे." आणि त्याने फोन ठेवला.

वैदेहींना त्याचा बदललेला चेहरा दिसला, पण कारण कळेना. त्याने बोटाने आकृती दाखवली. "ही माझी मावशी. ती तेव्हा रायपूरला होती, असं मी जन्मभर तिच्याकडून आणि बाबांकडून ऐकत आलोय." मग घाईघाईने म्हणाला, "मॅडम, एवढा भाग कापून टाका."

"कापला तरी तो कापला जात नाही, भाऊ," वैदेही हळू आवाजात म्हणाल्या. "कच्च्या फायलीला चित्रकोश हात लावत नाही. एवढा भाग दाखवू नको, अशी सूचना फक्त बाजूला लिहून ठेवतो. मूळ प्रकाश तसाच राहतो. ही फाइल आणखी कुणाकडे आहे?"

"घरच्या संग्रहात आहे." तो खुर्चीत बसला. "ते प्रसारण थांबवा."

"ते केव्हाच पोचलं."

फोन वाजला. ओवी, त्याची सतरा वर्षांची मुलगी. तिच्या आवाजात उत्साह मावत नव्हता.

"बाबा, तो आजीचा फोटो आपोआप उघडला! केवढं भारी आहे हे! आणि मागे मावशीआजी आहे, किती तरुण दिसते! मी लगेच तिला दाखवला."

हेमराजने विचारलं, "काय म्हणाली ती?"

"आधी फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाली, 'तुझ्या बापाने पाहिलं होतं, तरी एकटीच आहे म्हणाला.' बाबा, कोण एकटी?"