मशीनघराची मंजुरी

इंदापूरहून बावड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्हीकडं उसाचे फड आणि मधे एका दूध संघाचं शीतकरण केंद्र. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात योगिनी कोकरे तिथं गेली ती साध्याच कामाला. पुण्याच्या कंपनीनं तिला सर्व्हर बसवायला पाठवलं होतं. मूळची ती तिथून जवळच्याच पिंपळीची, म्हणून वरच्या साहेबांनी सांगितलं, "तुझाच मुलूख आहे, तूच जा."

केंद्रात बर्फाच्या टाकीची एक खोली होती. भिंतभर अमोनियाच्या नळ्या, जाडजूड दार आणि दाराला लोखंडी कडी. तिथं दुरुस्तीला शिरायचं तर आजवर सगळा तोंडी कारभार चाले. आता ते कॉम्प्युटरवर जायचं होतं. माणसानं अर्ज करायचा, तो मशीनघरातल्या ऑपरेटरकडं जाणार, नळ्या बंद आहेत असं बघून तो मंजुरी देणार, मगच मॅनेजरच्या पडद्यावर अर्ज उमटणार. मधली पायरी कुणालाही ओलांडता येणार नव्हती.

ही अक्कल उशिरा आली होती. आदल्या हिवाळ्यात मशीनघराचा ऑपरेटर सोनबा त्या खोलीत गेला होता. तो आत आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेरून कुणीतरी अमोनियाचा वाल्व्ह उघडला. दार उघडलं तेव्हा उशीर झाला होता. त्याची बायको बानूबाई आता केंद्रातच दुधाचे कॅन धुवायला होती.

रविवार होता. सकाळचं दूध घेऊन टँकर गेले होते आणि संध्याकाळचं यायला अवकाश होता. ऑफिसात मॅनेजर सर्जेराव आणि योगिनी दोघंच. तिनं सीडी घालून सर्व्हर बसवला, पायऱ्या आखल्या, नावं भरली. मशीनघराची जागा आली तेव्हा तिनं मान वर केली.

"इथं कुणाचं नाव घालू, साहेब?"

"नवा माणूस उद्या येतोय. तवर रिकामी ठेवा."

तिनं जागा रिकामी ठेवली. रिकाम्या जागेपाशी आलेला अर्ज तिथंच थांबून राहतो, हे तिला पक्कं माहीत होतं. मशीनघरातला कॉम्प्युटर तर अजून खोक्यातच होता.

तेवढ्यात फिटर जोतीराम हत्यारांची पिशवी घेऊन आला. टाकीतली एक नळी पाझरत होती, दूध यायच्या आत ती बघायची होती. सर्जेरावांना बरं वाटलं. "चला, पहिला अर्ज जोतीरामचाच होऊन जाऊ दे. मशीनघराची मंजुरी आज मीच देतो."

योगिनीनं अर्ज भरला. काम, जागा, माणसं किती, सगळं. आणि पाठवला. आता तो मशीनघरापाशी थांबेल, मग सर्जेरावांचं नाव तिथं घालू, असा तिचा बेत होता.

अर्ज थांबला नाही. परत आला. पडद्यावर एकच शब्द होता, 'नामंजूर'. कुणी नाकारलं त्या रकान्यात काहीच नव्हतं.

"काहीतरी चुकलं असेल माझं," ती म्हणाली. तिनं सगळ्या पायऱ्या पुन्हा तपासल्या, सर्व्हर बंद करून चालू केला, अर्ज पुन्हा पाठवला. पुन्हा नामंजूर. मग तिनं त्या जागी सर्जेरावांचं नाव घातलं. सर्जेराव पडद्यासमोर बसले, हात माउसवर. त्यांनी कळ दाबायच्या आधीच अर्ज परत आला.

ऑफिसात पंखा गरगरत होता, तरी योगिनीच्या पायांना गार लागायला लागलं. फरशीलगत कुठूनतरी थंडी येत होती आणि तिच्यासोबत चुना लावून मळलेल्या तंबाखूचा वास. जोतीराम तंबाखू खात नव्हता. सर्जेरावही नाही.

ती उठून मशीनघरात गेली. कॉम्प्युटरचं खोकं होतं तिथंच, वरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. कॉम्प्रेसर घुमत होता. खुर्ची भिंतीपासून ओढलेली होती, कुणी नुकतंच बसून उठावं तशी. तिनं खुर्चीच्या पत्र्यावर हात ठेवला आणि पटकन मागं घेतला. पत्रा बर्फासारखा गार होता.

परत आली तेव्हा सर्जेराव वैतागले होते. "ताई, तुमचं मशीन नवं हाय, आज न्हाय तर उद्या रुळंल. नळी थांबायची न्हाय. जा रं जोतीराम, मी सांगतो."

जोतीरामनं पिशवी उचलली. दारात बानूबाई उभी होती. हात ओले, पदर खोचलेला. ती कधी आली ते कुणाला कळलं नव्हतं.

"काय म्हणतंय ते मशीन?" तिनं योगिनीला विचारलं.

"मशीनघरातनं नाही म्हणतंय, मावशी. पण तिथं कुणीच नाहीये..."

बानूबाईनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. "मशीनघरातनं न्हाय म्हणत्यात न्हवं... मग नगा पाठवू पोराला, साहेब. आयकायचं त्यांचं."

जोतीराम सर्जेरावांकडं बघत राहिला. मग त्यानं पिशवी हळूच खाली ठेवली.

आणि टाकीच्या खोलीत काहीतरी फुटलं. आवाज मोठा नव्हता, जाड कापड फाटावं तसा. पण पाठोपाठ दाराच्या फटीतून अमोनियाचा वास आला, डोळ्यांत सुया टोचणारा. जोतीराम तोंडाला ओलं फडकं बांधून मशीनघराकडं पळाला आणि त्यानं मोठा वाल्व्ह फिरवला. बाकीचे अंगणात, वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. तो टाकीच्या खोलीत असता तर... जोतीराम बाहेर आला तो थेट बानूबाईपाशी गेला आणि वाकून तिच्या पाया पडला.

वास विरेपर्यंत उन्हं कलली. योगिनी सर्व्हर बंद करायला आत गेली, पाठोपाठ सर्जेराव आणि बानूबाई.

मॅनेजरच्या पडद्यावर एक अर्ज येऊन थांबला होता. तिनं तो पाठवला नव्हता. अर्जदाराचं नाव कोरं. जागा, टाकीची खोली. काम, 'बाहेर येणे'. मशीनघराची मंजुरी मिळालेली. राहिली होती फक्त मॅनेजरची.

"काय लिवलंय, लेकी?" बानूबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"बाहेर येऊ का... असं विचारतायत, मावशी."

सर्जेराव खुर्चीत बसले. "सोनबा," ते पुटपुटले, "आरं, इतके दिवस परवानगीसाठी थांबलास व्हय..." आणि त्यांनी 'मंजूर' दाबलं.

ऑफिसाबाहेरच्या बोळाच्या टोकाला टाकीच्या खोलीची लोखंडी कडी सरकली. जड दार सावकाश उघडल्याचा आवाज आला. मग गारवा आला. बोळातून, फरशीवरून, माणूस चालत यावा तसा बेताबेतानं. तंबाखूचा वास दाटला. बानूबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि कुणाला वाट द्यावी तशी दारातून बाजूला सरली.

"चला," ती हलकेच म्हणाली. "घरला चला आता."

ती अंगण ओलांडून फाटकाकडं निघाली. चालताना अधूनमधून डावीकडं बघत होती, सोबतीच्या माणसाकडं बघावं तसं. सर्जेराव खिडकीशी उभे राहून डोळे पुसत होते. योगिनीचंही मन भरून आलं होतं. अर्ज मिटवायला ती पडद्याकडं वळली, आणि सबंध अर्ज तिनं आत्ता पहिल्यांदा वाचला.

"साहेब," तिचा आवाज तिलाच ऐकू येईना, "सोनबांसोबत त्या दिवशी अजून कोण गेलं होतं?"

"कोण न्हाय. एकटाच हुता त्यो. का?"

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. 'माणसं किती' या रकान्यात दोन लिहिलेलं होतं.

सर्जेरावांनी ते वाचलं. बाहेर बानूबाई फाटकातून रस्त्याला लागली होती, तंबाखूचा वास तिच्यामागं केव्हाच निघून गेला होता. ऑफिसातली थंडी मात्र हलली नव्हती. ती दोघांच्या मधे, टेबलाच्या अगदी जवळ येऊन थांबली होती...