रुमालातली नळी

भर दुपारी, चांद्याच्या जंगलातल्या एकखोली दवाखान्यात डॉक्टर देवपुजारींनी औषधाची बारीक काचेची नळी रुमालात धरून कट्टकन फोडली आणि रुमाल म्हाताऱ्या पत्रूच्या नाकाशी नेला. साल १९५८. ही परीक्षा ते नागपूरहून नुकतीच शिकून आले होते. औषध हुंगल्यावर हृदयातली घरघर वाढली तर एक झडप बिघडलेली, मंदावली तर दुसरी. पत्रूची कोणती, हे शोधण्याचा त्यांनी ध्यासच घेतला होता. इलाज दोन्हींपैकी कशावरच त्यांच्याकडे नव्हता, पण पत्रूच्या बायकोला, बुधरीला, ते सांगतो कोण?

"औसद लागू पडून राह्यलं ना, भाऊ?" बुधरीने विचारलं.

"पडतंय," डॉक्टर म्हणाले. धडधडीत खोटं.

पत्रू मुकाट्याने हुंगत राहिला. चेहरा लालबुंद झाला, घरघर वाढल्यासारखी वाटली. खात्री हवी म्हणून त्यांनी लगेच दुसरी नळी फोडली. पत्रूचे डोळे फिरले, नाडी हरवली. डॉक्टरांनी छातीला स्टेथस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. काही नाही.

लाज वाटायला हवी होती. वाटली ती चुटपुट; उत्तर अगदी हाताशी येऊन निसटलं होतं. बुधरी पाणी आणायला धावली होती, तेवढ्यात त्यांनी तिसरी नळी फोडून मेलेल्या माणसाच्या नाकाशी धरली.

श्वास आला नाही. छाती हलली नाही. पण गालांवर लाली चढली... आणि सागाच्या ओंडक्यावर करवत चालावी तशी घरघर स्टेथस्कोपातून कानांत सुरू झाली. वाढत गेली. निदान पक्कं झालं! डॉक्टरांना क्षणभर खराखुरा आनंद झाला, आणि मग लक्षात आलं, माणूस तर मेलेला आहे.

"जिता हाये ना तो!" बुधरी दारातून ओरडली.

लाली उतरली. आवाज थांबला.

"काऊन थांबले? फोडा ना, भाऊ."

"बाई... तो गेलाय."

"मंग लाल कसा झाला?"

तिने नळ्यांची पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांचं मनगट धरलं. डॉक्टर फोडत गेले. सडक्या फळांसारखा वास खोलीत कोंदला. दर वेळी गाल लाल होत, दर वेळी ती हाका मारी.

मग पत्रूने डोळे न उघडता, सावकाश, तोंड रुमालापासून फिरवलं. मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळू लागलं.

"नको म्हणतोय तो..." डॉक्टर कुजबुजले.

बुधरीने नवऱ्याची हनुवटी घट्ट धरून तोंड पुन्हा सरळ केलं.

"हुंगते तो. फोडा."

पेटी अजून अर्धीही संपली नव्हती.