तिसऱ्या दिवसाचा वास

"थांबू नका! नाक दाबा अन् पळा!" हरिदास ओरडला, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःच थांबून तलावाच्या पाळीवर ओणवा झाला. "ओऽऽक्!"

"सांडव्यापासून चाळीस पावलं," धापा टाकत नसीम म्हणाली. तिने गळ्यातलं स्टॉपवॉच बंद केलं. ते तिच्या अब्बांच्या, म्हणजे मुश्ताक घड्याळजींच्या दुकानात दुरुस्तीला आलं होतं आणि न्यायला कुणी परत आलंच नव्हतं. "शनिवारी पण इथंच आला होता वास."

"तुले पावलं मोजाचं सुचते? इथी माह्या पोटातला रातचा भात वर येऊन राह्यला!"

रुखमा शंभर पावलं पुढे गेली होती, ती वळून आली. तिघांत सगळ्यात वेगवान तीच. "चला न गा! असं थांबलो तर बालदिनाले काय पळणार?"

दिल्लीच्या एशियाडनंतर गावाला पळण्याचं वेड लागलं होतं. दर बालदिनाला शाळकरी मुलांची तलाव-फेरी होई. शाळेच्या फाटकापासून निघायचं, मोहाच्या झाडांखालून पाळीवर चढायचं, सांडवा ओलांडायचा, सागवनाच्या कडेने वळायचं आणि धानाच्या बांधांवरून परत यायचं. अंतर चार किलोमीटरला थोडं कमी. एका हाताला कमळांनी भरलेलं पाणी, दुसऱ्या हाताला पिवळं पडत चाललेलं धान. अशी वाट तालुक्यात दुसरी नव्हती.

आणि यंदा तिच्या मधोमध ही घाण!

तो साधा कुजका वास नव्हता. त्यात आंबलेली पेज होती, ओल्या पोत्याचा कुबटपणा होता आणि पळताना श्वास खोल गेला, की उलटीसारखं काहीतरी घशाच्या तळाशी चिकटून बसायचं. नंतर पाणी प्यायलं तरी जायचं नाही.

त्याच दिवशी सकाळी दहाला दौड समिती पाळीवर आली. चार मोठी माणसं, चौघांच्याही गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. पुढे अध्यक्ष वामनराव. गावातली धानाची मिल त्यांची आणि पहिल्या नंबराचा कपही तेच द्यायचे. त्या चौघांच्या मागे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या इंदुताई.

सांडव्यापलीकडे रुखमाच्या वडिलांचा, सुकलूचा मांडव होता. बांबूच्या तट्ट्यांवर मीठ लावलेली बारीक मासोळी उन्हात चमकत होती.

"हे घ्या!" वामनरावांनी बोट दाखवलं. "मासोळी वाळते, तर वास येणारच. रविवारपर्यंत मांडव उचल, सुकलू. नाईतर दौड डांबरी रोडवर नेऊ आम्ही. मग तुह्यामुळं पोरायचे पाय पोळले, असं गाव म्हणन."

"माहा बाप बी इथीच वाळवे, भाऊ," सुकलू हात जोडून म्हणाला. "तवा कुठी होता वास?"

"वामनराव, आधी नीट खात्री तरी करू," इंदुताई म्हणाल्या.

"बाई, नाक आहे न आम्हाले!" असं म्हणून वामनरावांनी पचकन पिचकारी टाकली. तपकिरी थुंकी तट्ट्यापासून वीतभर अंतरावर पडली. तिचा एक शिंतोडा मासोळीवर उडाला. सुकलूने ती मासोळी उचलून फेकून दिली.

रुखमा हे सगळं मोहाच्या झाडाआडून पाहत होती. समिती गेल्यावर ती मित्रांना म्हणाली, "मी नाई पळत."

"काऊन?"

"पाळीवर ऊन अन् वारा, दोन्ही भेटते. घरी अंगणात सावली. तिथी मासोळी वाळत नाई, सडते. मांडव गेला तर बा काय करन? अन् मी त्याच वामनभाऊच्या कपासाठी पळू?"

मग नसीमने दप्तरातून वही काढली. रोजच्या पळण्याची वेळ ती तिच्यात लिहायची. वेळेशेजारी तिने आणखी एक रकाना आखला होता: वास.

"शनिवारी सुकलूकाका कुठे होते?"

"ब्रह्मपुरीच्या बाजारात. मांडव रिकामाच होता."

"आणि शनिवारी वास सगळ्यात जास्त. हे बघ. त्याच्या आधी बुधवारी. मग शनिवारी. मग आज मंगळवारी. मधल्या दिवसांत काही नाही. बरोबर दर तीन दिवसांनी, पहाटे!"

"मासोळी काय कॅलेंडर पाहून वास मारते?" हरिदास हसला. पण हसता हसता थांबला. "ए, उसन्या तांदळाचं धान बी तीन दिवस भिजते."

"तुले कसं ठाऊक?"

"आमचं धान घेऊन बाबासंगं मिलमध्ये गेलो होतो न! उसना म्हणजे धान उकडून मंग भरडाचं; उकडाच्या आधी ते मोठ्या हौदात भिजवतात. वामनभाऊ स्वतः ओंजळीत पाणी घेतात, हुंगतात अन् सांगतात, 'अजून एक रात लागन.' दुसऱ्या कोणावर भरवसा नाई त्यायचा."

"पण ते पाणी मिलच्या आवारातल्या खड्ड्यात जिरतं. सगळ्यांना माहीत आहे," नसीम म्हणाली. तरी तिने वहीत एक ओळ लिहिली: 'शुक्रवारी पहाटे वास येईल.' खाली तारीख घातली.

बुधवारी वास नव्हता. गुरुवारीही नव्हता. शुक्रवारी उजाडता उजाडता तिघं सांडवा ओलांडून आली आणि चाळिसाव्या पावलावर तो भपकारा आला!

"आता पळायचं नाई," रुखमा म्हणाली. "वासाच्या मागं जायचं."

पाळीच्या पोटाशी बेशरमाची झुडपं दाटली होती. नाकाला रुमाल बांधून ती आत घुसली. झुडपांखाली एक जुना पाट होता आणि पाटातून पांढरट, कोमट पाणी सावकाश वाहत होतं. वर बुळबुळीत साय. कडेला काळपट चिखल, आणि त्या चिखलात तांदळाएवढ्या अळ्यांची वळवळ. पाट तलावाला मिळत होता, तिथे बोटभर मासे पोट वर करून तरंगत होते. रुखमाने एक उचलला. त्याचे डोळे दुधाळ झाले होते.

"बाले वाटे, मासोळी कमी काऊन झाली," ती हळूच म्हणाली.

"सांभाळून, इथी निसर... आई गंऽऽ!" हरिदास कमरेपर्यंत पाटात बसला होता. त्याच्या कोपरावरून साय ओघळत होती. "कोनी हसू नका! अन् मले जवळ बी घेऊ नका!"

त्याचा आवाज ऐकून वरून एक माणूस धावत आला. मिलवरचा बिरजू. मुलांना पाहून त्याचं तोंड उतरलं.

"खड्डा दसऱ्यालेच भरला," शेवटी तो म्हणाला. "भाऊले सांगतलं, तर म्हणाले, तू पाहून घे. मी जुना पाट मोकळा करून हौदाचं पाणी त्यात सोडलं. पोट्टेहो, माहं नाव नका घेऊ. काम जाईन माहं."

बिरजूचं नाव घ्यायचं नाही, असं ठरलं. पण मग गावाला पटवायचं कसं? मुलांच्या वहीवर समिती विश्वास ठेवणार नव्हती. आणि पाट दाखवला, तर वामनराव म्हणतील, सुकलूच्याच माशांची घाण आहे.

रुखमा विचार करत होती. "बा डोळे मिटून सांगते, ही मासोळी कोणती, कधीची. ज्याचा धंदा, त्याचं नाक," ती म्हणाली. मग तिने नसीमच्या हातातली रिकामी बाटली घेतली, तलावाच्या पाण्यात वाकली आणि मेलेल्या माशांच्या मधोमध ती भरली.

रविवारी समिती मांडव उचलायला आली. मांडवासमोर नसीमने कागदात गुंडाळून वर नुसते आकडे घातलेल्या तीन बाटल्या मांडल्या होत्या.

"भाऊ, मांडव उचलायच्या आधी एक प्रयोग," ती म्हणाली. "फक्त वासावरून ओळखायचं. पण आधी सगळ्यांनी चूळ भरायची."

"हे काय पोरखेळ!"

"प्रयोगाचा नियम आहे," इंदुताई म्हणाल्या आणि स्वतः पाण्याचा तांब्या पुढे केला. "तोंडात तंबाखू असेल तर नाक काय सांगणार?"

चार तोंडांतून तपकिरी पाणी पाळीखाली गेलं. हरिदासने तोंड फिरवलं.

पहिली बाटली. "मासोळी!" वामनराव विजयाने म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

दुसरी. "वाळलेली मोहफुलं. हे तर बकरी बी सांगन!" सगळे हसले.

तिसरी बाटली उघडताच दोघं मागे सरकले. एकाने ओकारी कशीबशी गिळली. वामनरावांनी मात्र बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले आणि संथ श्वास घेतला.

"उसन्याच्या हौदातलं पाणी," ते म्हणाले. "जाड धान. भिजून तिसरा दिवस सरलेला, घटकाभर जास्तच."

"नक्की, भाऊ?" रुखमाने विचारलं. "मासोळीचं नसन?"

"मले शिकवतं काय वं, पोरी? तीस वर्षं झाली हुंगून राह्यलो! अख्ख्या तालुक्यात असं नाक नाई. पण पोट्टेहो, हे माह्या मिलमधून कोणी चोरलं?"

"मिलमधून नाई आणलं," रुखमा म्हणाली. "तलावातून आणलं. सांडव्यापासून चाळीस पावलांवर."

वामनरावांच्या हातातली बाटली तशीच राहिली. मग इंदुताई झुडपांकडे निघाल्या आणि बाकीचे मागोमाग गेले. या वेळी कुणाच्याच तोंडात खर्रा नव्हता. पाटाशी पोचायच्या आधीच समितीतले एक गृहस्थ झाडाआड जाऊन खरोखरच ओकले.

वामनरावांनी वाकून त्यातला एक मेलेला मासा उचलला.

"बिरजूनं दसऱ्यालेच सांगतलं होतं, खड्डा भरला म्हणून," ते म्हणाले. "मीच लक्ष नाई देल्लं. अन् शेंबडासारखं हे सगळं तलावात..." ते सुकलूकडे वळले. "तुहा मांडव तिथीच राहू दे. चूक माही आहे."

"वासाची चूक नाकानंच पकडली, भाऊ," सुकलू म्हणाला. एवढंच.

पाटाचं तोंड त्याच संध्याकाळी मातीने बुजलं. आवारात नवा खड्डा होईपर्यंत हौद रिकामा करायचा नाही, असं वामनरावांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. इंदुताईंनी नसीमची वही पानन् पान वाचली. "आधी अंदाज लिहिला आणि मग तपासला," त्या म्हणाल्या. "मोठ्यांना जमत नाही हे. शाबास, तिघांनाही!"

वास मात्र लगेच गेला नाही. वहीत सोमवारी 'अर्धा', बुधवारी 'किंचित' अशा नोंदी होत्या. बालदिनाच्या पहाटे चाळिसाव्या पावलापुढे नसीमने फक्त शून्य काढलं.

त्या दिवशी रुखमा पळाली. सांडव्यानंतर तिने नाक दाबलं नाही. मांडवाजवळून जाताना तिने छाती भरून श्वास घेतला. मीठ, ऊन आणि मासोळी. सागवनाच्या वळणावर तिच्या पुढे कुणीच नव्हतं.

वामनरावांनी कप तिच्या हातात ठेवला. "असं नाक अन् असे पाय, दोन्ही गावाची शान आहे," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या.

"रुखमे, घाई करू नको!" गर्दीतून हरिदास ओरडला. "आधी कप हुंगून पाह्य!"

सगळ्यात मोठ्याने वामनरावच हसले.