टेपवरची सही

"आई, तिला सांग, दिवा जरा अलीकडे धर."

दिवा धरणारी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, त्याची सख्खी थोरली बहीण होती, आणि तिचे कान चांगले तिखट होते... तरीही धाकट्याचं वाक्य आधी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या आईकडे गेलं आणि तिथून परत आलं. "अलीकडे धर गं," आई म्हणाली, आणि मग वैतागलीच. "वीस वर्षं झाली! मी काय टपालखातं उघडलंय? बोला की एकमेकांशी!"

थोरलीने दिवा अलीकडे धरला.

जेवणाच्या टेबलावर, जुन्या चादरीवर, सिंथेसायझर उपडा ठेवला होता. घरात सगळे त्याला 'बाजा' म्हणत. धाकट्याच्या मुलीने हट्टच धरला होता, की शिकेन तर बाबांच्या त्या जुन्या बाजावर. म्हणून तो आज त्याच्या पोटातली बॅटरी बदलायला आला होता. एरवी तो यायचा, आईला भेटायचा आणि थोरली चहा घेऊन बाहेर येईपर्यंत चपला घालायचा! आज तो इतका वेळ घरात होता, याच सुखाने तिचं अंतःकरण भरून आलं होतं. दिवा काय, तिने डोक्यावर कपाट धरलं असतं.

वडील अकाली गेले तेव्हा तिने गाण्याचा क्लास सोडला, कापडाच्या दुकानात नोकरी धरली आणि पगार साठवून कुणीतरी वापरलेला हा बाजा भावासाठी आणला. कसे वेडे आनंदाचे दिवस होते ते! तो तासन्‌तास बटणं फिरवून नवेनवे आवाज घडवायचा, आणि मध्येच हाक मारायचा, "ताई, गुणगुण ना! तुझ्यासारखा आवाज काढतो."

आणि मग ती सकाळ... त्याच्या पहिल्या रेकॉर्डिंगची. बाजा सुरू केला, तर वर्षभर घडवलेल्या आवाजांपैकी एकही जागेवर नव्हता, नुसती खरखर! "कोणी हात लावला?" तो किंचाळला. आदल्या संध्याकाळी आई फडकं घेऊन बाजापाशी उभी होती, हे थोरलीने पाहिलं होतं. नुकतीच कुठे सावरलेली आई, आणि समोर रागाने थरथरणारा हा पोरगा... "मी लावला," ती म्हणून गेली. "बटणं दाबून बघत होते."

"तुला गाता आलं नाही, म्हणून माझंही पुसून टाकलंस!" तो म्हणाला होता. त्यानंतर 'ताई' हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

खालचा पत्रा सुटला. आत नाण्याएवढी बॅटरी होती, दोन पायांवर सर्किटच्या पट्टीला सोल्डरने जोडलेली. धाकट्याने मीटर लावला. काटा हललाच नाही.

"ठार मेलीय," तो स्वतःशीच पुटपुटला. "सगळे आवाज हिच्या जिवावर राहतात. ही संपली, की ते गेले." मग त्याने बाजा फिरवला, आणि मागच्या बाजूला त्याचा हात थांबला. तिथे एक छोटा खटका होता. खटक्यावर टेप होती, आणि टेपवर आडवी, पिवळी पडलेली, त्याची स्वतःची सही. हा खटका बंद असेपर्यंत कितीही बटणं दाबली तरी आतलं काही पुसलं जात नाही. त्यानेच तो बंद करून वर सही ठोकली होती. टेप जशीच्या तशी होती!

"आई, तिला विच..." तो अडखळला. मग त्याने मान वळवली आणि वीस वर्षांनी बहिणीच्या डोळ्यांत पाहिलं. "हे तू कसं पुसलंस?"

तिच्या छातीवरचा धोंडा असा अचानक हलला, की तोंडून भलतंच निघून गेलं. "म्हणजे... आईनेसुद्धा नाही पुसलं?"

"मी?" आई खुर्चीतून अर्धी उठली. "मी काय केलं?"

"आदल्या संध्याकाळी... तू फडकं घेऊन..."

"अगं, धूळ झटकत होते!" आईचा आवाज फाटला. "म्हणजे इतकी वर्षं तू माझ्यावर पांघरूण घालत होतीस? न केलेल्या गोष्टीवर? एका शब्दाने विचारायचंस तरी, बाई!"

"विचारलं असतं, तर तुला जन्मभर लागून राहिलं असतं."

"चोर सोडून संन्याशाला सुळी दिली रे आपण!" आई रडू लागली.

आणि चोर तर हा, नाण्याएवढा, त्या रात्री आपोआप संपून गेलेला! धाकटा खाली मान घालून त्या बॅटरीकडे बघत राहिला. "ताई..." तो म्हणाला, आणि पुढचं सगळं हुंदक्यात वाहून गेलं. थोरलीने त्याचं डोकं पोटाशी धरलं, लहानपणी धरायची तसंच. "पुरे रे वेड्या, पुरे... पत्र्यावर पाणी सांडेल," ती हसत, रडत म्हणाली.

नवी बॅटरी बसली. या वेळी त्याने तिच्यासाठी छोटी खोबण बसवली, म्हणजे पुढे पुन्हा सोल्डर करायला नको. बाजा सुरू झाला आणि भसाड्या आवाजात ओरडला. आतल्या सगळ्या जागा रिकाम्या होत्या.

त्याने ती जुनी टेप नखाने हलकेच सोडवली, खटका उघडला. "तो आवाज मला आठवत नाही गं. गुणगुण ना."

"गंज चढलाय गळ्याला."

"चढू दे."

ती गुणगुणली. आधी कापरं, मग सावकाश मोकळं... तो बटणं फिरवत राहिला, आई डोळे मिटून ऐकत राहिली, आणि एका क्षणी बाजा आणि ती एकाच गळ्याने बोलू लागली! त्याने आवाज साठवला. बाजा बंद करून पुन्हा लावला. आवाज जागेवर होता.

खटका बंद करून त्याने नवी टेप चिकटवली आणि पेन तिच्या हातात दिलं. "सही तू कर."

तिने वाकून दोनच अक्षरं लिहिली.

"अगं, सही म्हणजे नाव लिहायचं असतं," तो वाचून म्हणाला.

"तेच लिहिलंय," ताई म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. या खेपेला चपलांचा आवाज आला नाही.