बोटीवरचा हेल्पर

पांढुर्ण्याच्या अंकुशला बोटीवर काम करायचं होतं, आणि एवढ्या साध्या हट्टापायी त्याचे जोडे झिजले होते. मालवण झालं, गोवा झालं. पर्यटकांच्या बोटीवर हेल्पर म्हणून घ्या म्हटलं की जो तो अनुभव मागायचा. अरे, कामच दिलं नाही तर अनुभव काय झाडाला लागतो? एक मालक तर "तुमच्याकडे समुद्र कुठाय?" म्हणून तोंडावर हसला. अंकुशच्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. इकडे त्याची आई, लीलाबाई, संत्र्यांच्या पेट्या भरायला चल म्हणून मागे लागलेली.

अखेर गावाजवळच, तिगावच्या पलीकडे, एका तलावावर सहलीची बोट सुरू असल्याचं कळलं. बोट चालवणारे देवीदासकाका म्हणाले, एक फेरी मारून बघू. जमलं तर काम, नाहीतर पेट्या होत्याच.

फेरी छान झाली. परतताना ऊन कललं, वारा पडला. धक्का जवळ आला तसा शेवाळाचा कुबट वास नाकात शिरला. अंकुशने दोर फेकला. धक्क्यावरच्या माणसाने तो अलगद झेलला आणि खुंट्याला बांधला. पर्यटक गलका करत उतरून गेले.

"दोर कोणं बांधला?" काकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"तुमच्या माणसानं. ओलाचिंब होता..."

"माह्याकडं माणूस नाही, बापू. श्रावण होता हेल्पर... मागच्या पावसात बुडाला. सापडलाच नाही." काकांनी धक्क्याकडे पाहायचं टाळलं. "तो अजून काम करूनच राहिला. मंग तुले कसा ठेवू?"

अंकुश भडकला. जिवंत माणसांनी हाकललं, आता मेलेल्यानेही आडवं यावं! धक्क्यावर उडी टाकून तो पाण्याकडे ओरडला, "अबे, मेला ना तू! मंग काहून अडवून राहिला? सोड ना... मले पोट नाही का?"

पाणी हललंसुद्धा नाही. पण त्याच्या घोट्याला काहीतरी गार लागलं. धक्क्याच्या पायरीवर एक केशरी लाइफ जॅकेट पडलं होतं.

"श्रावणचं," काका कुजबुजले. "बुडाला तवा हे अंगात होतं त्याच्या..."

म्हणजे श्रावणने जागा सोडली होती; काम मिळालं होतं. अंकुशने जॅकेट उचललं. वरून ते चिखलाने माखलेलं होतं आणि त्याचे सगळे पट्टे घट्ट आवळलेले होते. आत हात घातला, तर आतून ते उबदार होतं.