पोच द्यावी

गळ्याशप्पथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी तिथेच होतो. म्हणजे नव्हतो, पण खिळ्याने स्वतः सांगितलंय आणि खिळा खोटं बोलला की शिंकतो. सांगताना दोनदाच शिंकला.

खिळा म्हणजे सर्व्हर दुरुस्त करणारा. खुर्चीत बसला की उठत नाही, म्हणून हे नाव. एकदा दुपारी दीड वाजता त्याला काचकारखान्याच्या वहिनींचा फोन आला. वेबसाइट सकाळपासून बंद, मेलही बंद. वहिनींचा नवरा, म्हणजे घरातला थोरला, मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत होता. दवाखान्याचा निरोप कारखान्याच्या मेलवरच यायचा आणि चार तासांत लेखी होकार गेला नाही, तर पाळी पुढच्याची.

खिळ्याने येऊन पाहिलं आणि म्हणाला, "पाटी आणि टपालपेटी एकाच भिंतीला ठोकलीत. भिंत पडली, दोन्ही गेलं. पेटी दुसऱ्या भिंतीला लावतो. डोमेनच्या नोंदीत मेलचा पत्ता बदलायचा, बस."

नोंद उघडली, तर पत्ता आधीच बदललेला. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. सर्व्हर पडला होता नऊ वीसला.

पासवर्ड कुणाकडे असतो, असं त्याने विचारलं. मामंजींच्या वहीत, वहिनी म्हणाल्या. मामंजींना जाऊन वर्ष झालेलं. वही कपाटात, आणि कपाटाची किल्ली धाकट्या दिराकडे.

दीर दारातच उभा होता. थोरला उठला नाही, तर कारखाना त्याचाच. खिळ्याच्या मनात पाल चुकचुकली.

"माझ्याकडे काय बघताय?" दीर म्हणाला. "मला फोटो जोडायचा तरी पुतणीला हाक मारावी लागते."

नवा पत्ता त्याच इमारतीतला निघाला, वरच्या अडगळीच्या खोलीतला. तिघे जिना चढले. आत भिजल्या पुठ्ठ्याचा वास. कोपऱ्यात मामंजींचं जुनं मशीन, वर बोटभर धूळ, आणि आत पंख्याची संथ घरघर. खिळा वाकला. प्लग जमिनीवर पडला होता. त्यावरही धूळ होती.

"भावजी... तुम्ही लावलंत?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, वायर तर..." दीर भिंतीला टेकला.

मशीनचा पडदा उजळला. दवाखान्याचा निरोप बाराला आला होता. होकारही गेला होता, आणि त्याखाली वहिनींना दोन ओळी:

'सूनबाई, होकार कळवला. थोरल्याला घेऊन निघा. पोच द्यावी.'

मामंजी प्रत्येक पत्राखाली तेच लिहीत. पोच आल्याशिवाय खुर्ची सोडत नसत.

वहिनी धावल्या, दीर गाडी काढायला पळाला. एकट्या उरलेल्या खिळ्याने टाइप केलं, 'पोचली.' घरघर थांबली.

थोरला आज ठणठणीत आहे. आता कबूल करतो, एवढ्यात एकच गोष्ट मी पदरची घातली. खिळ्याने 'पोचली' लिहिलंच नाही. त्याची बोटं उचलेनात; तो दिराच्याही आधी खाली पोचला होता. पोच अजून कुणीच दिलेली नाही.

मशीन भंगारात गेलं, तरी रोज बाराला वहिनींना त्याच दोन ओळी येतात. कालच्यात फक्त एक शब्द वेगळा होता.

'धाकट्याला घेऊन निघा.'